थांबलेल्या हृदयाचा सोबती : डॉ. जॉन गिबन

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मावशीच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. लहानपणी तिला सांध्यांचा ताप आला होता. सांधे बरे झाले, पण त्या तापाने हृदयाची एक झडप कायमची अधू करून टाकली. पुढे जिना चढताना धाप लागू लागली, उशी उंच घेतल्याशिवाय झोप येईना, आणि शेवटी झडप बदलण्यावाचून गत्यंतर उरले नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी आम्हां सर्वांना बोलावून सगळे समजावून सांगितले. त्यात ते अगदी सहजपणे बोलून गेले की, झडप बसवताना हृदय काही वेळ थांबवावे लागेल. तेवढा वेळ हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम यंत्र करील.

मामांनी मान डोलावली, आजीने देवाचे नाव घेतले. मी मात्र त्या एका वाक्यापाशीच अडकलो. हृदय थांबले म्हणजे माणूस संपला, हे आपल्याला भाषासुद्धा शिकवते. मग थांबलेल्या हृदयाच्या माणसाला जिवंत ठेवणारे हे यंत्र कोणाच्या डोक्यातून आले असेल? मावशी सुखरूप घरी आली. माझा प्रश्न मात्र मनातच राहिला. महाविद्यालयाच्या आणि गावातल्या ग्रंथालयात त्याचे उत्तर शोधता शोधता एका माणसाची ओळख झाली. हा माणूस तुमच्या-माझ्यासारखाच साहित्यात रमणारा होता आणि वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून लेखक व्हायला निघाला होता, हे कळल्यावर तर त्याच्याविषयी आपल्या वार्षिकातच लिहावे असे वाटले. त्याचे नाव डॉ. जॉन हेशम गिबन.

गिबन यांचा जन्म २९ सप्टेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. घराण्यात वैद्यकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. वडील नामांकित शल्यविशारद आणि तेथील जेफर्सन वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक. अशा घरातल्या मुलाने काय व्हायचे हे बहुधा त्याच्या बारशाच्या आधीच ठरलेले असते! पण या मुलाचा ओढा वेगळा होता. वयाच्या सोळाव्या वर्षी तो प्रिन्स्टन विद्यापीठात गेला, १९२३ मध्ये पदवीधर झाला. कविता आणि चित्रकला यांचे त्याला वेड होते. घरच्या रिवाजाप्रमाणे त्याने जेफर्सनमध्ये प्रवेश घेतला खरा, पण मन लागेना. हे सारे सोडून लेखनालाच वाहून घ्यावे, असा विचार त्याने वडिलांसमोर मांडला.

अशा प्रसंगी आपल्याकडच्या घरांत काय होते हे सांगायला नको. गिबन यांचे वडील मात्र रागावले नाहीत. हाती घेतलेले शिक्षण पुरे कर, वैद्यकीची पदवी असल्यामुळे कोणी वाईट लेखक होत नाही, अशा आशयाचा सल्ला त्यांनी दिला. मुलाने तो मानला. १९२७ मध्ये जॉन गिबन डॉक्टर झाले. लेखक व्हायचे राहूनच गेले. पण ज्याला जगात अजून नसलेली गोष्ट मनात स्पष्ट पाहता येते, त्याच्या अंगचा तो गुण व्यवसाय बदलला म्हणून जात नाही, याचा प्रत्यय पुढे यायचा होता.

१९३० साली गिबन बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात डॉ. एडवर्ड चर्चिल यांच्या हाताखाली संशोधन करण्यासाठी आले. तेथे त्या शरद ऋतूत घडलेल्या एका प्रसंगाने त्यांच्या आयुष्याला वळण लावले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया होऊन बरी होत चाललेली एक स्त्री एकाएकी अत्यवस्थ झाली. पायातील अगर ओटीपोटातील नीलेत झालेली रक्ताची गुठळी सुटून हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीत अडकली होती. छाती उघडून ती गुठळी काढणे हा एकच उपाय होता. परंतु त्या काळी ही शस्त्रक्रिया इतकी क्वचित यशस्वी होई की, रोगी मरणारच अशी खात्री पटल्याशिवाय कोणी सुरी हातात घेत नसे. म्हणून चर्चिल यांनी वाट पाहायचे ठरवले आणि रुग्णेशेजारी गिबन यांना बसवले.

सतरा तास ते तिच्या उशाशी बसले होते. दर पंधरा मिनिटांनी नाडी, श्वास, रक्तदाब पाहायचा आणि कागदावर टिपायचा, एवढेच त्यांचे काम. डोळ्यांदेखत तिच्या शिरा फुगत होत्या, रक्त काळेनिळे पडत चालले होते आणि हाताशी असलेल्या कागदावर आकडे टिपण्यापलीकडे काही करता येत नव्हते. सकाळी आठच्या सुमारास रक्तदाब लागेनासा झाला. चर्चिल यांनी साडेसहा मिनिटांत छाती उघडून गुठळ्या काढल्या आणि रोहिणी पुन्हा बंद केली. इतक्या वेगाने, इतक्या कौशल्याने काम होऊनही ती स्त्री वाचली नाही.

त्या रात्री गिबन यांच्या मनात एक विचार आला. ऐकायला तो अगदी साधा आहे. या फुगलेल्या शिरांतले निळे रक्त सतत बाहेर काढून घेता आले, त्यात प्राणवायू मिसळून ते लाल करता आले आणि पुन्हा रोहिणीत सोडता आले, तर अडथळ्याला वळसा घालून शरीर जगवता येणार नाही काय? पाटात दरड कोसळली तर शेतकरी बाजूने चर खणून पाणी पुढे नेतो, तसेच हे. मात्र येथे पाणी नव्हते, रक्त होते. आणि रक्त शरीराबाहेर काढले की गोठते, जोराने ढकलले की त्यातील तांबड्या पेशी फुटतात, त्यात हवेचा एक बुडबुडा राहिला तर तो मेंदूत जाऊन घात करतो.

या विचाराचे महत्त्व नीट कळावे म्हणून त्या वेळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. पोट, मेंदू, हाडे या सर्वांवर शस्त्रक्रिया होत होत्या. हृदय मात्र जवळजवळ अस्पर्श राहिले होते. मेंदूला तीन-चार मिनिटे रक्त मिळाले नाही तरी कायमची इजा होऊ लागते. मग हृदय थांबवून, उघडून, आत पाहून काम करायचे कसे? लंडनमध्ये १९२५ साली हेन्री सौटर यांनी एका मुलीच्या हृदयात बोट घालून अरुंद झालेली झडप मोकळी केली होती. ती मुलगी वाचली, तरीही पुढे त्यांच्याकडे असा दुसरा रोगी कोणी पाठवलाच नाही. गिबन यांच्याच फिलाडेल्फियात १९४८ साली चार्ल्स बेली यांनी, आधीचे रोगी दगावल्यावर, अशीच झडप मोकळी करण्यात यश मिळवले. पण या साऱ्या शस्त्रक्रिया आंधळ्याने चाचपडत केलेल्या. धडधडत्या हृदयात केवळ बोटाच्या स्पर्शावर विसंबून झडप फार तर फाकवता येई, नवी बसवता येत नसे. त्यासाठी हृदय रिकामे आणि शांत हवे, आणि ते शांत असताना दुसरे कोणीतरी रक्त वाहते ठेवायला हवे.

गिबन यांनी आपली कल्पना वडीलधाऱ्यांपुढे मांडली. कोणी विशेष उत्साह दाखवला नाही. स्वतः चर्चिल यांनाही तीत फारसा अर्थ दिसला नाही. तरुण शल्यविशारदाने लहान, लवकर पुरे होणारे विषय घ्यावेत, असाच व्यवहारी सल्ला मिळत गेला. मात्र एका व्यक्तीने त्यांच्यावर पूर्ण विश्वास टाकला. ती म्हणजे चर्चिल यांच्याच प्रयोगशाळेत साहाय्यक असलेली मेरी हॉपकिन्सन. सगळे तिला मेली म्हणत. बॉस्टनचे प्रसिद्ध चित्रकार चार्ल्स हॉपकिन्सन यांची ती मुलगी. १९३१ मध्ये दोघांचा विवाह झाला, आणि तेव्हापासून त्या यंत्राचा संसार आणि घरचा संसार असे दोन संसार या जोडप्याने एकदमच मांडले.

फिलाडेल्फियात काही काळ काढून १९३४ साली दोघे पुन्हा बॉस्टनला चर्चिल यांच्या प्रयोगशाळेत आली. जगभर मंदी होती, पैशाची चणचण होती. जुन्या बाजारातून थोडक्या डॉलरांत हवेचा एक पंप विकत आणला. रबरी बुचे कापून त्यांच्या झडपा केल्या. काचेच्या नळ्या स्वतः जोडल्या. प्रयोगासाठी मांजरे हवीत आणि विकत घ्यायला पैसे नाहीत, तेव्हा हा उद्याचा थोर शल्यविशारद रात्री बॉस्टनच्या गल्ल्यांतून माशाचे आमिष आणि गोणपाटाची पिशवी घेऊन भटकी मांजरे पकडत हिंडे. यंत्राचा गाभा म्हणजे एक उभा फिरणारा नळकांड्यासारखा भाग. वरून सोडलेले रक्त त्याच्या आतल्या भिंतीवर पातळ पापुद्र्यासारखे पसरे, भोवतालचा प्राणवायू त्यात मिसळे आणि लाल झालेले रक्त तळाशी गोळा होई. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन हे औषध वापरायचे. हे औषध नुकतेच हाती येऊ लागले होते. ते नसते तर सारी कल्पना कागदावरच राहिली असती.

१९३५ साली एके दिवशी त्यांनी मांजराची फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी चिमट्याने पूर्ण बंद केली. आता हृदयातून फुप्फुसाकडे रक्ताचा एक थेंबही जात नव्हता, तरी मांजर जिवंत होते. यंत्र त्याला जगवत होते. त्या दोघांना इतका आनंद झाला की, एकमेकांना मिठी मारून त्यांनी प्रयोगशाळेत नाचायला सुरुवात केली. पुढे हृदयावरच्या शस्त्रक्रियेने नाना शिखरे गाठली, पण त्या क्षणाइतका निर्भेळ आनंद पुन्हा वाट्याला आला नाही, असे गिबन यांना उतारवयातही वाटे. या प्रयोगाचा निबंध १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९३९ पर्यंत यंत्रावरून उतरवलेली मांजरे पुढेही जगू लागली.

इतक्यात महायुद्ध आले. गिबन सैन्यात दाखल झाले, पॅसिफिकच्या आघाडीवर गेले. यंत्र बंद पडले ते चार-पाच वर्षे. १९४६ मध्ये ते आपल्या जुन्या जेफर्सन महाविद्यालयात शल्यशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले आणि सोडलेला धागा त्यांनी पुन्हा उचलला. अडचण अशी होती की, मांजराला पुरणारे यंत्र माणसाला पुरवायचे तर ते अवाढव्य व्हायला हवे होते. एका विद्यार्थ्याच्या ओळखीतून त्यांची आय. बी. एम. या कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांच्याशी भेट झाली. वॉटसन यांनी आपले अभियंते या कामासाठी मोफत दिले. इकडे गिबन यांच्या तरुण सहकाऱ्यांना आढळले की, रक्ताच्या वाटेत थोडा खळखळाट निर्माण केला तर ते कितीतरी अधिक प्राणवायू घेते. त्यावरून नळकांडे जाऊन त्याच्या जागी पोलादी जाळीचे उभे पडदे आले. त्यांवरून रक्त ओघळू लागले. ओढ्याचे पाणी खडकांवरून उड्या घेत येते तेव्हा कसे फेसाळते ते आपण पाहतोच! कुत्र्यांवरील प्रयोगांत पूर्वी बहुतेक प्राणी दगावत. आता बहुतेक जगू लागले.

मग माणसाची पाळी आली. फेब्रुवारी १९५२ मध्ये पंधरा महिन्यांच्या एका बालकाला यंत्राच्या आधाराने शस्त्रक्रियेसाठी घेतले. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असल्याचे निदान होते. छाती उघडून पाहतात तो छिद्र नव्हतेच. बालक दगावले; दोष हृदयाबाहेरच्या रक्तवाहिनीत होता, हे नंतर कळले. यंत्र चुकले नव्हते, निदान चुकले होते. मिनेसोटात त्याच्या आदल्या वर्षी डॉ. क्लॅरेन्स डेनिस यांनी असाच प्रयत्न केला होता आणि तोही अपयशी ठरला होता.

६ मे १९५३ हा दिवस उजाडला. या वेळी टेबलावर होती अठरा वर्षांची एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी. आपल्याच वयाची, पहिल्या वर्षात शिकणारी. मागच्या सहा महिन्यांत हृदय थकल्यामुळे तिला तीन वेळा रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. या वेळी निदान बरोबर होते. हृदयातील पडद्याला मोठे छिद्र होते. तिला यंत्राशी जोडले गेले ते एकूण ४५ मिनिटे. त्यातील २६ मिनिटे तिचे हृदय आणि फुप्फुसे यांचे सर्व काम यंत्रानेच केले. त्या २६ मिनिटांत गिबन यांनी छिद्र शिवून टाकले. तेही निर्विघ्न झाले नाही. हेपॅरिन कमी पडून पडद्यांवर रक्त साखळू लागले आणि सहकाऱ्यांची तारांबळ उडाली. पण शिवण पुरी झाली, हृदयाने पुन्हा काम हाती घेतले. मुलगी बरी होऊन घरी गेली. जुलैमध्ये केलेल्या तपासणीत छिद्र पूर्णपणे बुजल्याचे दिसले, आणि पुढे दहा वर्षांनी त्याच यंत्राशेजारी गिबन यांच्यासोबत ती हसतमुखाने उभी राहिली.

येथे एखाद्या चित्रपटाचा शेवट झाला असता. प्रत्यक्षात त्याच जुलै महिन्यात सुमारे पाच वर्षांच्या दोन मुलींवर गिबन यांनी यंत्राच्या साहाय्याने शस्त्रक्रिया केल्या आणि दोघीही गेल्या. एकीचे हृदय थांबले ते पुन्हा चालू झाले नाही. दुसरीच्या हृदयात आधी न कळलेले आणखी दोष निघाले आणि रक्ताच्या लोंढ्यात आतले काही दिसेना. गिबन खचले. एक वर्षभर हे यंत्र वापरायचे नाही, असे त्यांनी ठरवले. वर्ष सरले, पण त्यांनी स्वतः हृदयावर पुन्हा हात घातला नाही. तेवीस वर्षांच्या तपश्चर्येच्या पदरी चार रोगी आणि एक यश! आपल्या यशाची हकिकतही त्यांनी गाजावाजा न करता १९५४ साली मिनेसोटातील एका प्रादेशिक वैद्यकीय नियतकालिकात छापली.

त्यांचे हे मागे सरणे मला फार दिवस खटकत होते. मोहिमेचा सेनापतीच असा परत फिरला, हा भित्रेपणा नव्हे काय? भगीरथाने गंगा आणली आणि तो काठावरूनच परतला, असे कोणी म्हणेल. पण अधिक वाचल्यावर मत बदलले. त्याच सुमारास मेयो क्लिनिकचे डॉ. जॉन कर्कलिन त्यांच्याकडे आले, तेव्हा गिबन यांनी यंत्राचे सगळे आराखडे त्यांच्या हवाली केले. काही राखून ठेवले नाही. कर्कलिन यांनी त्यात सुधारणा केल्या आणि मार्च १९५५ पासून ते यंत्र वापरून शस्त्रक्रिया सुरू केल्या. पहिल्या आठ रोग्यांपैकी चार वाचले. ज्या यंत्रावर बाकीच्यांनी काट मारली होती, ते आता चालू राहिले. मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ मध्ये तर आई किंवा वडिलांचेच हृदय आणि फुप्फुस मुलासाठी यंत्रासारखे वापरले. तो विलक्षण धाडसाचा मार्ग होता, पण एका शस्त्रक्रियेत दोन जीव धोक्यात घालणारा. शेवटी टिकली ती गिबन यांची वाट. आपल्या हातून आणखी मुले दगावू नयेत आणि आपले काम मात्र थांबू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधायच्या तर दुसऱ्याच्या हाती सारे सोपवण्यावाचून मार्ग कोणता होता? अहंकार मोठा असता तर आराखडे कपाटातच राहिले असते.

यानंतरचा इतिहास वेगाने घडला. १९६० मध्ये अमेरिकेत अल्बर्ट स्टार यांनी लोवेल एडवर्ड्स या अभियंत्याच्या मदतीने बनवलेली कृत्रिम झडप रोग्याच्या हृदयात बसवली. माझ्या मावशीच्या झडपेची पणजी म्हणावी ती हीच. १९६७ मध्ये क्लीव्हलंड येथे अर्जेंटिनाचे डॉ. रेने फावालोरो यांनी पायाची शीर घेऊन तुंबलेल्या हृदयरोहिणीला वळसा घालणारी जोडणी केली. तिलाच आज आपण बायपास म्हणतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयरोपणाचा प्रयत्न केला, तेव्हा जगात अशी शस्त्रक्रिया सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. आज काही बायपास शस्त्रक्रिया धडधडत्या हृदयावर, यंत्राविनाही होतात. तरीही छाती उघडून झडप बदलायची म्हटले की, बाजूला ते यंत्र लागतेच. पियानोएवढे असलेले ते धूड आता आटोपशीर झाले आहे, जाळीच्या पडद्यांऐवजी बारीक पोकळ तंतू आले आहेत. कल्पना मात्र त्या रात्रीचीच आहे.

गिबन फुप्फुसे आणि छातीच्या इतर रोगांवर शस्त्रक्रिया करीत राहिले, शिकवत राहिले. छातीच्या शस्त्रक्रियांवरील त्यांनी संपादित केलेला मोठा ग्रंथ १९६२ मध्ये निघाला. १९६८ मध्ये त्यांना मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले. नोबेल मिळाले नाही. १९६७ मध्ये निवृत्त होऊन ते फिलाडेल्फियाजवळच्या आपल्या शेतावर राहायला गेले, आणि तेथे त्यांनी तरुणपणी बाजूला ठेवलेला कुंचला पुन्हा हाती घेतला. ५ फेब्रुवारी १९७३ रोजी टेनिस खेळता खेळता हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ज्या रोगावरील शस्त्रक्रियेचे दार त्यांनी जगाला उघडून दिले, त्यानेच त्यांना नेले.

मित्रहो, कला शाखेत आलो म्हणजे विज्ञानाशी आपला संबंध संपला, अशी आपली एक समजूत असते. आणि विज्ञानवाल्यांना वाटते की, कविता वाचणाऱ्याच्या हातून काही भरीव घडणार नाही. गिबन यांचे चरित्र या दोन्ही समजुतींना बाधक आहे. त्या रात्री बॉस्टनमध्ये मरणासन्न रुग्ण त्यांच्या आधीही कितीतरी डॉक्टरांनी पाहिले होते. आकडेही टिपले होते. दुसऱ्याच्या फुगत्या शिरांकडे पाहून जे अजून नाही ते डोळ्यांपुढे उभे करणे, ही एका अर्थी कवीचीच दृष्टी. आणि त्या दृष्टीसाठी पुढची तेवीस वर्षे रबरी बुचे कापत बसणे, याला साधकाचे मन लागते.

मावशी आता दोन जिने चढून गच्चीवर पापड वाळत घालते. गिबन हे नाव तिला मी सांगितले. तिने ते दोनदा उच्चारून पाहिले आणि त्या मुलींच्या आयांचे पुढे काय झाले, असे मला विचारले. मला उत्तर देता आले नाही. जे वाचले त्यांच्यापाठीमागे, जे वाचले नाहीत तेही उभे असतात. गिबन यांना याचा विसर कधी पडला नसावा, म्हणूनच ते थांबले. मला त्यांचे मोठेपण यंत्राइतकेच त्या थांबण्यातही दिसते.